हद्दीचे रुपये

"मिस्तरी, ते तुमचं पैसे हुडकायचं मशीन चालू हाय ना?"

हौसाबाई दुकानाच्या पायरीवर टेकत म्हणाल्या. मी एका टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसत होतो. वैशाखातले अकरा वाजले असतील. बाई मळ्यातून दीड मैल उन्हात चालत आलेल्या, पदराने तोंड पुसत होत्या.

"चालू आहे की. का मावशी, काय हरवलं?"

"हरवलं न्हाई, पुरलेलं हाय. उद्या सकाळी पंच यायचेत बांधावर. रंगनाथ म्हणतो, हीर त्याच्या हद्दीत येती. मी म्हणते, माझ्या. दशरथतात्या म्हणले, हौसाबाई, पुरावा काय? म्या सांगितलं, पुरावा भुईत हाय. मिस्तरीला आणा आन् काढा."

"भुईत काय आहे?"

"दोन रुपये. राणीछाप, कडीचे. आन् त्याच्या खाली कोळसा."

बोळा माझ्या हातातच राहिला.

मी कोण, ते सांगतो. मी भालचंद्र उदावंत. जातीने सोनार, धंद्याने रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. वडिलांची बागेसरी, म्हणजे सोनं तापवायची शेगडी, मी माळ्यावर टाकली आणि सोल्डरिंग गन हातात घेतली. म्हणून लोक मला शेठ न म्हणता मिस्तरी म्हणतात, आणि मला ते चालतं. गाव प्रवरेच्या काठचं. नाव सांगत नाही, कारण त्यातली काही माणसं अजून हयात आहेत आणि मला अजून त्याच रस्त्याने जावं लागतं. साल एकोणीसशे शहाण्णव.

आमच्या गावाशेजारी पांढर आहे. जिथं जुनं गाव नांदून उठलं, तिथली माती राखेसारखी पांढरी होते, तिला पांढर म्हणतात. पावसाळा सरला की त्या मातीतून काहीबाही वर यायचं. खापऱ्या, मणी, कधी एखादी हिरवी पडलेली शिवराई. लहानपणी मी नुसत्या डोळ्यांनी वेचायचो. मोठा झाल्यावर एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात मेटल डिटेक्टरचं सर्किट आलं, ते बघून मी स्वतः मशीन बनवलं. प्लास्टिकचा पाइप, त्याच्या टोकाला परातीएवढी तारेची गुंडाळी, आणि कुणीतरी दुरुस्तीला टाकून न्यायला न आलेल्या वॉकमनचा हेडफोन. लोक हसायचे. म्हणायचे, बाप सोनं फुंकत होता, पोरगं माती फुंकतंय.

हसू देत. कानात ती बारीक शीळ वाजली, खुरप्याने माती उकरली आणि मातीच्या ढेकळातून ढब्बू पैसा निघाला, की जे वाटतं ते ज्याला कळलं त्याला कळलं. दोनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी कनवटीतून पडलेला पैसा, आणि त्यानंतर त्याला हात लावणारा पहिला माणूस मी. बायको म्हणायची, "एवढ्या वेळात चार मिक्सर दुरुस्त झाले असते." तिचंही बरोबर होतं.

पांढरीला लागून गिरमे माळ्यांचे मळे. त्यातला साडेतीन एकर हौसाबाईंचा. नवरा, सोपानराव, जाऊन पाच वर्षं झालेली. मुलगी सिंधू सासरी. बाई एकट्या मेथी, घेवडा, वांगी करायच्या आणि आठवडी बाजारात स्वतः विकायला बसायच्या. त्यांच्या वावरात फिरायची परवानगी मागितली तेव्हा म्हणाल्या, "फिरा की. भुई काय झिजती का? फकस्त काय घावलं तर मला दाखवा. म्या बी बघीन." मी म्हणालो, दाखवीन. पुढे दर रविवारी गेलो की आधी माझ्या हातात ताकाचा तांब्या यायचा, मग मशीन.

तर त्या वैशाखाच्या आधीच्या पौषात मी असाच त्यांच्या वावरात होतो. त्यांचा आणि पुतण्या रंगनाथचा मळा लागून. रंगनाथने नुकताच ट्रॅक्टर घेतला होता आणि नव्या ट्रॅक्टरवाल्याला बांध डोळ्यात खुपतो. त्याने मधला बांध नांगरून भुईसपाट केला होता. बांधावरचा एक मोठा दगड उपटून हिवराच्या झाडाखाली लोटलेला. विहिरीच्या अलीकडे, हिवराच्या समोर वीस-बावीस पावलांवर कानात शीळ वाजली. अशी स्वच्छ, की मी हेडफोन काढून परत घातला.

वीतभर खोल, कडेला, कोळसा लागला. मला आनंदच झाला. कोळसा लागला म्हणजे जुनी चूल किंवा भट्टी, म्हणजे खाली आणखी काहीतरी असणार, असा आमचा हिशेब. कोळशाच्या बरोबर वर, एकावर एक, दोन रुपये. काळे पडलेले. अंगठ्याने चोळले तर राणीचं तोंड. दोन्हीला वर बारीक कडी जोडलेली. बायकांच्या गळ्यातल्या माळेतले रुपये हे मी सोनाराचं पोर, लगेच ओळखलं. सुटे पडलेले नव्हते, कुणीतरी नीट ठेवलेले होते, हेही कळलं. कळलं आणि मी ते बाजूला सारलं.

हात भरेल एवढा कोळसा उकरून बघितला, आणखी काही मिळालं नाही. खड्डा बुजवून वर पायाने माती सारली.

"काय घावलं का?" हौसाबाईंनी वाफ्यातूनच विचारलं.

आदल्या आठवड्यात पांढरीत सापडलेला बैलाचा एक गंजका नाल माझ्या पिशवीत होता. तो मी काढून दाखवला.

"एवढंच," म्हणालो.

"आसू द्या. ताक पिऊन जा," त्या म्हणाल्या.

दाखवले असते तर काय झालं असतं? त्या म्हणाल्या असत्या, अहो, हे तर आमच्या हद्दीचे, ठेवा परत. आणि मी ठेवले असते. पण मला वाटलं होतं, राणीछाप रुपया बघितला की म्हातारी म्हणेल, ठेवा इथंच, माझ्या मालकीचे. मालकीचे होतेच ना तिच्या. म्हणून नाल दाखवला. पुढे घरी आल्यावर वडिलांची कानस काढून दोन्ही कड्या घासून टाकल्या, कारण कडीच्या रुपयाला संग्रहवाले नाक मुरडतात. घासलेली जागा अशी मिटवली, की बापाने शाबासकी दिली असती. आणि नगरच्या जुन्या नाण्यांचे व्यापारी गुगळेशेठ यांच्याकडे ते दोन देऊन पेशवाईतला एक अंकुशी रुपया बदलून आणला. किती दिवसांपासून माझा त्याच्यावर डोळा होता. मी त्याला मखमलीच्या डबीत ठेवला.

आता वैशाखात हौसाबाई पायरीवर बसून मला त्याच रुपयांची गोष्ट सांगत होत्या.

"माझं लगीन होऊन सात वर्सं झालती. थोरलं भाऊजी, रंगनाथचा बाप, आन् आमचं मालक, दोघांचं जमंना. सासूबाई म्हणल्या, भांडून वेगळं व्हण्यापरीस हसून वेगळं व्हा. तालुक्याला कोण जातंय तवा? तोंडीच वाटण्या झाल्या. सासूबाईंनी गळ्यातले दोन रुपये तोडले. म्हणल्या, एक थोरल्याचा, एक धाकल्याचा. खाली कोळसा घातला, वर रुपये ठेवले, त्याच्यावर दगड. म्हणल्या, दगड कुणीबी हलवील. कोळसा कुजत न्हाई आन् चांदी कुजत न्हाई. म्या माती लोटली वरून, ह्या हातांनी."

त्यांनी हात पुढे केला. मी हाताकडे बघितलं नाही.

"दगड तर हलला की आता," मी म्हणालो. बोलायचं म्हणून बोललो.

"हलू द्या. म्हणून तर तुम्ही. पंचांपुढं ठरलं, रुपये निघतील तिथं हद्द. तिथं निघाले तर हीर माझी. न्हाई निघाले तर रंगनाथ म्हणतो ती हद्द, हीर त्याची. म्या छातीला हात लावून हो म्हणले. तुमचं मशीन हाय म्हणून म्हणले, मिस्तरी. न्हाईतर माझ्या एकटीचं कोण आयकतंय?"

"आणि नाही निघाले तर?"

"हीर गेली तर मळ्यात काय ऱ्हातं? कुसळं. मग लेकीच्या दारात जाऊन बसायचं." त्या उठल्या. "पण न्हाई निघायला काय झालं? सकाळी लवकर या. ऊन व्हतं."

त्या गेल्यावर मी दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. गुगळेशेठला फोन लावला. त्यांना विचारलं, ते दोन राणीछाप आहेत का? ते म्हणाले, "उदावंत, ते तर पुण्याच्या प्रदर्शनातच गेले. पार्टी मद्रासची होती. का, मन बदललं?" मी म्हटलं, नाही, सहज. घरात माझ्याकडे आणखी एक राणीछाप होता, पण एकच, आणि बिनकडीचा. तो खिशात घालून नेऊन टाकावा, असंही मनात येऊन गेलं. पण म्हातारीने कडी सांगितलेली. एका रुपयाने भागणारं नव्हतं, आणि खोट्यावर खोटं रचायला लागणारी छातीही माझ्याकडे नव्हती. माझ्याकडे होतं ते फक्त तोंड. ते उघडलं असतं तर पुरलं असतं.

सकाळी साडेसातला मशीन खांद्यावर टाकून गेलो. बांधावर आठ-दहा माणसं. दशरथतात्या हिवराच्या सावलीत, उपटलेल्या त्याच दगडावर बसलेले. तात्या म्हणजे गावचा जुना पंच, बोलणं कमी, ऐकणं जास्त. रंगनाथ टिकाव घेऊन तयार. मला वाटलं होतं, तो मिशीला पीळ देऊन उभा असेल. तसं काही नव्हतं. त्याने हौसाबाईंना बसायला पोतं अंथरलं होतं.

"काकी," तो म्हणाला, "तुझे रुपये निघाले तर माझं काय म्हणणं नाही. बाप मला कधी बोलला नाही, म्हणून मला माहीत नाही. पण निघाले तर हीर तुझी. हे सगळ्यांच्या देखत."

"मला ठावं हाय रं," हौसाबाई म्हणाल्या. "तुझ्या मनात पाप न्हाई."

समोर चोर उभा असता तर मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालून निभावून नेलं असतं. इथं चोर एकच होता आणि त्याच्या कानाला हेडफोन होता.

"मिस्तरी, हिकडून सुरू करा," हौसाबाई हात करून म्हणाल्या. "हिवरापासून समोर. तवा हीर न्हवती, पण हिवर व्हता."

मी चालायला लागलो. गुंडाळी जमिनीवरून डावी-उजवी फिरवत, सवयीने. कानात काही नाही. वाजणार कुठून? वाजणारं मीच काढून नेलं होतं. पहिल्यांदा त्यांनी दाखवली ती जागा खऱ्या जागेपासून पाच-सहा हात बाजूला होती. दगडच नाही, बांधच नाही, माणसाला अंदाज कसा यायचा? रंगनाथने तिथं कमरेइतकं खणलं. काळी माती, मुरूम.

"नाही लागला कोळसा," तो म्हणाला.

"आणखी थोडं विहिरीकडं," हौसाबाई म्हणाल्या. आवाजात घाई आली होती. तिथंही खणलं. काही नाही.

मग त्या स्वतः उठल्या. हिवराला पाठ लावली आणि पावलं मोजत निघाल्या. तोंडाने पुटपुटत होत्या, "सासूबाई हिथं, मी हिथं, मालक हातात कुदळ घेऊन..." आणि त्या बरोबर माझ्याच दिशेने येत होत्या. वीस, एकवीस. मला ती जागा झोपेतही सापडली असती. मी पुसून टाकलेला खड्डा, त्याखाली उरलेला कोळसा. एक टिकाव पडला असता तर काळं वर आलं असतं. पण कोळसा निघाला आणि रुपये नाही निघाले, तर दुसरा प्रश्न काय येणार? रुपये कुणी नेले? ह्या गावात मशीन घेऊन कोण फिरतो? लहान पोरालाही सांगता आलं असतं. वर जुनं सापडलं की कचेरीत कळवायचं असतं, ते न कळवल्याचा गुन्हा वेगळा.

मी दोन पावलं सरकलो आणि त्या जागेवर उभा राहिलो. दोन्ही पाय जुळवून. गुंडाळी पुढे धरली, हेडफोनवर हात दाबला, आणि काहीतरी बारीक ऐकतोय असं तोंड केलं.

हौसाबाई माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"हिथं असंल का हो?"

"इथं बघितलं मी," मी म्हणालो. "इथं काही नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही. डॉक्टरकडे बघतात तसं. मग त्या वळल्या आणि पलीकडची जागा दाखवली. तिसरा खड्डा सुरू झाला. मी जागचा हललो नाही. पायाखालची माती मऊ होती, चप्पल जराशी आत गेली होती.

तिसऱ्या खड्ड्यातही काही निघालं नाही, तेव्हा रंगनाथने टिकाव ठेवला आणि घाम निपटत मला विचारलं, "मिस्तरी, पौषात तुम्ही हिकडं फिरत होता ना? तेव्हा काय वाजलं होतं का इथं?"

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. दशरथतात्यांनीही मान वर केली. देव माणसाला एक संधी देतो म्हणतात. मला ती अशी ताटात वाढून आली होती. विचारणारा सरळ, ऐकणारे आपलेच, आणि सांगितलं असतं तर फार फार तर काय? चार शिव्या, एक-दोन थोबाडीत, गावभर बोभाटा. हौसाबाईंची विहीर राहिली असती.

"नाही," मी म्हणालो. "एक नाल निघाला होता बैलाचा. तेवढाच."

"व्हय, नाल," हौसाबाई लगेच म्हणाल्या. "मला दाखवला व्हता त्यांनी. मिस्तरी काय लपवायचं न्हाईत."

माझी साक्ष त्या देत होत्या. स्वतःच्या विरुद्ध.

तात्या उठले, धोतर झटकलं. "हौसाबाई, आणखी कुठं बघायचं का? आज दिवसभर खणू म्हणशील तर खणू."

त्यांनी तिन्ही खड्डे एकदा वाकून बघितले. मग म्हणाल्या, "नगं तात्या. नसंल." तात्यांनी निवाडा सांगितला. दोन वाक्यांत आटपलं.

माणसं पांगली. मी मशीनची वायर गुंडाळत होतो, मुद्दाम सावकाश. हौसाबाई जवळ आल्या. रंगनाथ खड्डे बुजवत होता, त्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "मिस्तरी, एक सांगा. तुम्ही शिकल्यालं माणूस. म्या खोटं न्हाई बोलले. माती लोटल्याली मला आठवतीया. मग आसं कसं झालं?"

मी तेव्हा गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. नुसतं मूग गिळून बसायचं पाप वेगळं. पण मला त्यांचा तो चेहरा समोरून घालवायचा होता.

"मावशी," मी म्हणालो, "वय झालं की होतं असं. माणसाला न घडलेलंही घडल्यासारखं वाटतं. माझी आजी पण असंच काहीबाही सांगायची."

माझी आजी मरेपर्यंत तल्लख होती.

"आसं व्हतं का?" त्या म्हणाल्या. आणि मान हलवली. "व्हत आसंल."

आषाढात त्यांनी मळा रंगनाथलाच करायला दिला आणि राहुरीकडे सिंधूच्या गावी निघून गेल्या. जायच्या आधी माझ्या दुकानात येऊन एक पाटीभर वांगी ठेवून गेल्या. म्हणाल्या, "तुमची उगं खोटी झाली त्या दिवशी." मी मशीन त्याच आठवड्यात माळ्यावर टाकलं. बायकोला वाटलं, अक्कल आली. डबीतला अंकुशी रुपया एक-दोनदा काढून बघितला, पण बघवेना. पुढे तोही कुणाला तरी देऊन टाकला.

सात वर्षं गेली. ह्या सात वर्षांत मी कितीदा ठरवलं, ते सांगण्यात अर्थ नाही. ठरवणाऱ्याचं काही जात नाही. दशरथतात्या वारले. मी मनाला म्हणालो, आता सांगून तरी कुणाला सांगायचं?

मग एका बाजाराच्या दिवशी सिंधू दुकानात आली. माहेरी काही कामाला आली होती, रेडिओची बॅटरी घ्यायला थांबली. आई कशी आहे विचारलं.

"तब्येत बरी आहे हो," ती म्हणाली. "पण तिचा स्वतःवर विश्वासच राहिला नाही. मिठाचा डबा कुठं आहे विचारलं तर सांगते आणि वर म्हणते, माझं खरं धरू नका, तुम्ही बघा. डबा तिथंच असतो. शेजारणीनं उसनी नेलेली पातेली परत केली नाही, तर हिला आठवत असून ही म्हणते, मी दिलीच नसंल. डॉक्टरला दाखवलं. ते म्हणाले, आजींची आठवण आपल्यापेक्षा चांगली आहे."

सिंधूने बॅटरी घेतली आणि गेली. मी दुकान बंद केलं. बायकोला म्हटलं, जरा राहुरीकडे जाऊन येतो, आणि मिळाली ती गाडी धरली.

हौसाबाई ओट्यावर घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. बारीक झालेल्या, बाकी तशाच. मला बघून उठायला लागल्या. मी त्यांना बसवलं आणि समोर खालीच बसलो. इकडचं तिकडचं बोललो असतो तर माझं पुन्हा राहून गेलं असतं, म्हणून आल्या आल्याच सुरुवात केली.

"मावशी, ते हद्दीचे रुपये होते. मीच काढले होते. पौषात. तुम्हाला नाल दाखवला, रुपये लपवले. त्या दिवशी पंच आले तेव्हा मी त्याच जागेवर उभा राहिलो, तुम्ही तिथं खणू नये म्हणून. तुमचं सगळं खरं होतं."

एका दमात बोललो. त्यांचे हात शेंगांवर थांबले. हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू आलं. मायेचं हसू.

"सिंधूनं काय सांगितलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

"सिंधूचा काही संबंध नाही. मी खरं सांगतोय. कडीचे दोन रुपये होते, एकावर एक. खाली कोळसा."

"ते तर म्याच तुम्हाला सांगितलं व्हतं, मिस्तरी. दुकानाच्या पायरीवर बसून. कडी आन् कोळसा. तेच तुम्ही मला सांगताय."

"मावशी, देवाशपथ."

"शपथ नगा घेऊ," त्या घाईने म्हणाल्या. "लेकराबाळांचे धनी तुम्ही. म्हातारीचं मन राखाया एवढ्या लांब आलाव, हेच लई झालं. पण खोटी शपथ नगा घेऊ."

मी रुपये दाखवायला हवे होते. रुपये मद्रासला होते. मी म्हणालो, गावात चला, मी चारचौघांत उभा राहून सांगतो, रंगनाथला सांगतो, ती जागा खणून कोळसा दाखवतो.

"तिथं कशाचा कोळसा? रंगनाथनं तळं खांदलं तिथं, तीन वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "आन् लोक काय म्हणतील? म्हातारीनं मिस्तरीला फितवलं. आधीच मी त्या पोराला पंचांत वढलं. त्याच्यापुढं खोटी पडले. दोन वर्सांमागं जाऊन त्याच्या पाया पडून आले म्या."

"रंगनाथच्या?"

"व्हय. माझ्या लेकराच्या वयाचा. त्यो मागं सरायला लागला, काकी, हे काय. म्या म्हणले, पडू दे. मरायच्या आधी खोट्याचं ओझं उतरू दे. मेलेल्या सासूबाईच्या नावावर बी म्या खोटं खपवलं व्हतं. तुम्हीच न्हाई का म्हणला, वय झालं की न घडल्यालं घडल्यावानी वाटतं? ते तुमचं बोलणं लई आधाराला आलं बगा. न्हाईतर येडी झाले असते."

ओझं माझं होतं आणि ते त्यांनी वाहून नेऊन रंगनाथच्या पायावर उतरवलं होतं. त्यांना पुन्हा पटवायचं म्हणजे ते पाया पडणंही फुकट गेलं असं सांगायचं. तरी मी पटवायला हवं होतं. रोज येऊन बसायला हवं होतं, तात्यांच्या पोराला, रंगनाथला, गावाला घेऊन यायला हवं होतं. त्या विश्वास ठेवेपर्यंत.

पण खरं सांगायचं तर ते मला नंतर सुचलं, गाडीत बसल्यावर. तिथं ओट्यावर, त्या "शपथ नगा घेऊ" म्हणाल्या, तेव्हा माझ्या छातीतून एक मोठा श्वास सुटला होता. सुटलो, असं वाटलं होतं मला. सांगितलंही आणि काही झालंही नाही.

हौसाबाईंनी आत सिंधूच्या सुनेला हाक मारली, "सुनबाई, च्या टाक गं. आमच्या गावचं माणूस आलंय." मग माझ्याकडे वळून विचारलं, साखर किती घेता? मी म्हणालो, दोन चमचे. आणि चहा येईपर्यंत त्यांच्याबरोबर शेंगा मोडत बसलो.